दिवा जाळीच्या बाहेर

नेपरव्हिल
११ जानेवारी १९८७

राजीव,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. ते चुकून राहिलेलं नाही.

फोनवर आपण दोन मिनिटांत ओरडायला लागतो आणि पद्मिनी जिन्यात बसून ऐकते. म्हणून यापुढे सांगायचं ते पत्रानं, आणि मराठीत. आपल्या मुलीला मराठी कळतं, पण वाचता येत नाही. आजवर मला याचं वाईट वाटायचं, आता सोयीचं पडतंय.

तर वाढदिवसाची भेट. बारा वर्षांच्या मुलीला जिवंत प्राणी द्यायचा असेल, तर तो ज्या घरात महिन्यातला बहुतेक वेळ राहणार त्या घराला आधी विचारायची पद्धत असते. आज स्टेशनच्या पार्किंगमध्ये तू तिला सोडलंस तेव्हा तिच्याबरोबर हा एवढा मोठा तारेच्या जाळीचा पिंजरा उतरला. आत एक फांदी, फांदीवर तीन शिंगांचा हिरवा सरडा. त्याचा एक डोळा माझ्याकडे होता आणि दुसरा तुझ्या गाडीकडे. तू काचही खाली केली नाहीस. नुसता हात हलवलास आणि गेलास. बाहेर शून्याखाली तापमान, आणि मी, मुलगी आणि सरडा बर्फात उभे.

तो कॅमेलिअन आहे, हवाईहून आणलेला आहे आणि त्याचं नाव पिकल आहे, हे मला पद्मिनीनं गाडीत सांगितलं. मी म्हटलं, “म्हणजे लोणचं.” तिला हसू आलं नाही. “डॅड म्हणाला, आई विल मेक अ जोक,” म्हणाली. माझ्याबद्दल त्या घरात काय काय बोललं जातं ते असं मला सुटं सुटं कळत असतं.

माझ्या फ्रिजशेजारी आता जिवंत रातकिड्यांचा डबा आहे. दिवसभर मी ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल देऊन उभी असते आणि घरी आले की किर्रकिर्र. तू म्हणालास म्हणे, “सोपं असतं ग ते.” सोपंच असणार. दोन आठवड्यांतून दोन दिवस काहीही सोपंच असतं.

पिंजरा पद्मिनीबरोबर तुझ्याकडे येईल आणि तिच्याबरोबर परत येईल. गाडी आधी गरम करून ठेवत जा. आणि तुझ्या घरी जी आहे तिनं पिंजऱ्यात हात घालू नये.

सुमेधा


नेपरव्हिल
२६ जानेवारी १९८७

राजीव,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘मी इंजिनिअर आहे, पिंजऱ्यातलं तापमान मोजलेलं आहे.’ वा.

पद्मिनीला मी विचारलं, डॅडनं थर्मामीटर कुठे बांधलाय? म्हणाली, खाली, पाण्याच्या वाटीजवळ. राजीव, प्राणी खाली बसतो का? तो फांदीवर बसतो, वर, दिव्याखाली. त्याच्या पाठीला किती गरम लागतंय ते पाठीच्या उंचीवर मोजायचं. भूल देताना मी रुग्णाच्या नाडीऐवजी टेबलाच्या पायाची नाडी बघत नाही.

आणि दिवा शंभर वॅटचा कशाला? तोही खोलीच्या छतावरून पिंजऱ्याच्या आत सोडलेला! माझ्याकडे साठचा आहे आणि तो जाळीच्या वर, बाहेर ठेवलाय. मी लायब्ररीत जाऊन वाचलं. ही जात केनियाच्या डोंगरांतली, धुक्यातली. त्याला सकाळी थोडी ऊब हवी असते, भट्टी नको असते. ‘आफ्रिकेतला प्राणी, त्याला ऊन लागतंच’ हे तुझं वाक्य वाचून मला आपल्या लग्नातल्या बऱ्याच गोष्टी आठवल्या. तुला एखाद्या गोष्टीचं नाव कळलं की ती गोष्ट कळली असं वाटतं.

पद्मिनी सध्या एकच धरून बसली आहे, त्याला थंडी वाजते. सकाळी तो काळपट असतो आणि खात नाही म्हणते. घरच गार आहे, असंही म्हणते. मी कामावर निघताना थर्मोस्टॅट खाली करते, कारण रिकामं घर तापवत ठेवायची मला सवय नाही. ती साडेतीनला शाळेतून येते, मी सहापर्यंत येतेच. स्वेटर घाल म्हणून सांगितलं आहे.

दिवा बदल. बाहेर लाव. हे दुसऱ्यांदा सांगायला लावू नकोस.

सुमेधा


नेपरव्हिल
११ फेब्रुवारी १९८७

राजीव,

तू दोन आठवडे टेक्ससमध्ये आहेस हे मला पद्मिनीकडून कळलं. हॉटेलचा पत्ता तुझ्या ऑफिसातून घेतला. अर्विंगला ऊन असेल. बस उन्हात आणि हे वाच.

काल संध्याकाळी तिनं वरून हाक मारली, “आई, कम हिअर. समथिंग इज राँग विथ हिम.”

त्याच्या पाठीच्या कण्यावर, जिथे पाठ उंच होते तिथे, क्वार्टरच्या नाण्याएवढा डाग आहे. पांढुरका, राखाडी. ओला कागद चिकटून वाळावा तसा. कडेनं तपकिरी होत चाललाय, एका बाजूला कातडीखाली पाणी धरल्यासारखा फुगवटा आहे. डोक्यामागच्या तुऱ्याचं टोकही सुकलंय. तो भर दिवसा डोळे मिटून बसला होता. त्याच्या नाकासमोरून रातकिडा गेला तरी बघितलं नाही.

आता तू म्हणशील, रंग बदलणारा प्राणी आहे. म्हणून मी खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसले. दिवा विझवला, तो फिका झाला. हातात घेतला, तो रागानं काळा झाला, माझ्यावर तोंड वासलं. अंगाचा प्रत्येक भाग रंग बदलत होता, डाग मात्र होता तसाच. जिवंत कातडी बदलते, राजीव. जी बदलत नाही ती मेलेली असते. हे भाजलेलं आहे.

भाजलेलं पहिल्या दिवशी नीट दिसत नाही. आमच्याकडे माणूस नुसता लालसर होऊन येतो, बोलतो, पाणी मागतो, आणि कातडीचं खरं काय झालंय ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतं. या प्राण्यांत तर त्याहून उशिरा. मंगळवारी दिसलं म्हणजे त्याआधी घडलं. शुक्रवार ते रविवार तो कुठे होता?

तुझ्या घरी. तुझ्या शंभर वॅटच्या दिव्याखाली.

तीन डॉक्टरांना फोन केले. पहिला हसला. दुसऱ्याकडे फक्त कुत्रीमांजरं. तिसऱ्यानं एका बाईंचं नाव दिलं, डॉ. हॅनसन. त्या पूर्वी एका प्राणिसंग्रहालयात सरपटणारे प्राणी बघायच्या. त्यांच्याकडे पुढच्या मंगळवारच्या आधी जागा नाही. फोनवर म्हणाल्या, तोपर्यंत दिवा लांब न्या, अंगावर बारीक पाणी शिंपडा, बर्फ नको, तेल-तूप तर मुळीच नको. मी पिंजऱ्याला हात लावायला गेले तर पद्मिनीनं लावू दिला नाही. “मी करते, मी करते,” म्हणत दार लावून घेतलं आणि सगळं तिनंच केलं. इतकी रडवेली झाली होती की मीही बाहेर थांबले.

तुझ्याकडून मला फक्त एक उत्तर हवं आहे. दिवा बदलला होतास की नाही?

सुमेधा


नेपरव्हिल
१५ फेब्रुवारी १९८७

राजीव,

तुझं उत्तर काल आन्सरिंग मशीनवर मिळालं. माझ्या आधी पद्मिनीनं ऐकलं. ती घरी असते हे तुला ठाऊक आहे. मशीन तीच लावते हेही ठाऊक आहे.

‘डाग तुझ्या घरी दिसला म्हणजे तुझ्या घरी झाला. लोकांना झोपवण्यातून वेळ मिळाला तर मुलीकडे बघ.’

पहिल्या वाक्याचं उत्तर मी मागच्या पत्रात दिलं आहे. ते तू वाचलं नाहीस, किंवा वाचून समजलं नाही. दुसऱ्या वाक्याचं उत्तर माझी वकीलबाई देईल.

मी पोलरॉइड फोटो काढले आहेत, डागाशेजारी क्वार्टर ठेवून. ते शुक्रवारी तिच्याकडे दिले. आपल्या करारात लिहिलंय की मुलीच्या राहण्याची, खाण्यापिण्याची, सुरक्षिततेची काळजी दोघांनीही घ्यायची. जो माणूस सांगूनसवरून एक दिवा बदलत नाही, त्याच्याकडे मुलगी रात्री का ठेवायची, असा सरळ प्रश्न आम्ही कोर्टाला विचारणार आहोत. निकाल लागेपर्यंत तुझे शनिवार-रविवार थांबावेत, असाही अर्ज जाईल. वकीलबाई म्हणाली, सरड्यावरून जज हसेल. मी म्हटलं, फोटो बघून हसला तर हसू दे.

पद्मिनीनं फोनवरचं हे बोलणं ऐकलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. ताटात वरणभात तसाच टाकून उठली. तुझ्या त्या मशीनवरच्या कर्तबगारीनंतर तिच्याकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची?

डाग आता मधोमध काळा पडतोय.

सुमेधा


नेपरव्हिल
१८ फेब्रुवारी १९८७

राजीव,

हे पत्र मी लिहिणार नव्हते. यातलं निम्मं मी दडवलं असतं तर तुझ्याविरुद्धचं माझं म्हणणं आणखी पक्कं झालं असतं. पण तू तिथे नव्हतास, पद्मिनी तुला फोनवर सगळं सांगणार नाही, आणि ‘ती’ तुला स्वतःच्या सोयीनं सांगेल, असं मला कालपर्यंत वाटत होतं. म्हणून लिहिते.

काल डॉ. हॅनसनकडे गेलो. पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या बाई, बोटांवर चाव्यांच्या खुणा. पिकलला त्यांनी दोन बोटांवर घेतला, खिडकीशी नेला, बराच वेळ बघितला. बोटानं डागाशेजारी हलकंच चोळून बोट नाकाशी नेलं.

“यावर तेल कुणी लावलं?”

मी म्हटलं, आम्ही नाही. पद्मिनी म्हणाली, “नॉट मी.”

“कुणीतरी लावलंय. खोबऱ्याचा वास येतोय. तेलानं उष्णता आत कोंडते आणि वर घाण बसते.” मग पुढे, अगदी साधेपणानं: “याच्याकडे रोज कोण बघतं? तुम्हा दोघींपैकी कुणी?”

मी म्हटलं, मी बघते.

“बसल्यावर याची पाठ आणि दिवा यांच्यात किती अंतर असतं?”

राजीव, मला सांगता आलं नाही. थर्मामीटर कुठे बांधावा यावर मी तुला पानभर लिहिलं होतं, पण माझ्या घरातल्या त्या फांदीकडे मी वर मान करून एकदाही पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, दीड-दोन वीत तरी असेल.

पद्मिनी म्हणाली, “नो.”

मग एकदम बोलायला लागली, सगळं इंग्रजीत, भरभर. घर गार असतं. शाळेतून आली की तो काळा होऊन कोपऱ्यात बसलेला असतो. तिला स्वतःलाच इतकी थंडी वाजायची की ती कोट घालून होमवर्क करायची. त्याच्याकडे तर कोटही नाही. म्हणून तिनं जानेवारीतच फांदी तारेनं बांधून वर घेतली, दिव्याच्या अगदी जवळ. तो तिथे जाऊन बसला, हिरवा झाला, तिला वाटलं त्याला आवडलं. तोच पिंजरा तशाच फांदीसकट तुझ्याकडे गेला. तुझा दिवा आत टांगलेला, शंभरचा. तिथे तर त्याची पाठ दिव्याच्या काचेला टेकतच असेल. डाग दिसला त्या संध्याकाळी दार लावून तिनं फांदी खाली घेतली, आणि गप्प राहिली. गप्प का, तर ज्याचं घर चुकीचं ठरेल त्या घरी तिला जाता येणार नाही म्हणून.

“यू बोथ वाँटेड टु नो हूज फॉल्ट इट वॉज,” म्हणाली. “इट्स माइन. ओके? नाऊ कॉल द लॉयर.”

असं एका परक्या बाईसमोर.

डॉ. हॅनसननी तिला खुर्चीत बसवलं आणि पिकल तिच्याच हातावर दिला. म्हणाल्या, “हे बघ, आपल्याला चटका बसला की आपण हात मागे घेतो. याचं तसं नाही. ऊब मिळतेय तोवर हा बसून राहतो, आणि पाठ जळली तरी उठत नाही. त्याला कळत नाही, म्हणून ते आपण ओळखायचं. दिवा नेहमी जाळीच्या बाहेर. तो ज्या सर्वांत उंच जागी पोचू शकतो, तिथे त्याच्या पाठीच्या उंचीवर आपला हात उलटा धरायचा, थोडा वेळ, घाई न करता. हाताला नको झालं तर त्यालाही नको.” मग माझ्याकडे बघून: “हे करायला कुणी इंजिनिअर किंवा डॉक्टर लागत नाही.”

मी ऐकून घेतलं.

डाग खोलवर गेलाय, पण हाडापर्यंत नाही. आमच्या बर्न युनिटमध्ये वापरतात तेच पांढरं मलम, दिवसातून दोनदा. दुपारी पाण्याचे थेंब तोंडाशी धरून पाजायचे. आणि या थंडीत त्याला गाडीतून इकडेतिकडे नेणं बंद, किमान महिनाभर. एका जागी, एका दिव्याखाली.

“दिवसा घरी कोण असतं?” त्यांनी विचारलं.

पद्मिनी म्हणाली, “सुलेखा इज होम. ऑल डे.”

यावर मला बरंच बोलता आलं असतं. पण पुढच्या तीन दिवसांत माझ्या दोन ड्यूट्या आहेत, ती शाळेत, आणि तुझ्या नव्या बायकोला अजून नोकरीची परवानगी मिळालेली नाही. तिथून सरळ तुझ्याकडे गाडी घेतली. पहिल्यांदाच जिना चढले. तिनं दार उघडलं, हाताला कणीक होती. मला ओळखलं असावं, कारण क्षणभर तिनं पदर नसलेल्या खांद्यावर पदर सारखा केला.

“या ना, सुमेधाताई.”

“मला ताई म्हणू नका,” मी म्हटलं. “खोबरेल तुम्ही लावलंत?”

“हो. शनिवारी त्याच्या पाठीवर फिकं दिसलं. मी राजीवला दाखवलं. तो म्हणाला, अगं कॅमेलिअन आहे, रंग बदलणारच. मला काही ते पटलं नाही, म्हणून लावलं. चुकलं का?”

“चुकलं.”

“बरं,” म्हणाली. “मग आता काय करायचं ते सांगा.”

मी सांगितलं. तिनं हात धुतले, मलम कसं लावायचं ते दोनदा करून दाखवायला लावलं, पिंजऱ्यात सोडायचा तो दिवा छताच्या हुकावरून माझ्यादेखत काढला. फडक्यानं धरून, कारण तो अजून पेटलेला होता. पिंजरा नसताना, रिकाम्या खोलीत.

आता तुझ्याकडे येते. तुला शनिवारी दाखवलं होतं. तू बघितलंस. आणि सात दिवसांनी मशीनवर माझ्या मुलीला ऐकवलंस की डाग तिच्या आईच्या घरी झाला. फांदी बारा वर्षांच्या पोरीनं बांधली, तिला मी समजू शकते. तुला समजायला मला आता काही कारण उरलेलं नाही.

सुमेधा


नेपरव्हिल
८ मार्च १९८७

राजीव,

‘समजूतदारपणा दाखवल्याबद्दल आभार’ हे कार्ड परत पाठवत आहे. आत ठेवलंय.

अर्ज मागे घेतला तो तुझ्यासाठी नव्हे. पद्मिनीला कोर्टात उभं करून ‘फांदी कुणी बांधली’ असं कुणीतरी विचारलं असतं, म्हणून घेतला. ती दर शुक्रवारी तुझ्याकडे येईल, एकाआड एक नाही, कारण तिला मलम लावायचं असतं. याला करार समजू नकोस. मलम संपलं की बघू.

आता एक काम तुझं आहे आणि ते तू टाळतो आहेस. तिला वाटतं पिकलला तिनं एकटीनं जाळलं. झोपेत बोलते. शाळेतून तिच्या बाईंचा फोन आला, वर्गात खिडकीबाहेर बघत बसते म्हणून. तू अर्विंगहून दोन मीटिंगांच्या मधे फोन करून ‘इट्स ओके, स्वीटी, नोबडीज फॉल्ट’ म्हणालास. कुणाचीच चूक नाही हे तिला पटत नाही, कारण ती मूर्ख नाही. फांदी तिनं वर घेतली. पण घर गार नसतं तर तिनं ती घेतलीच नसती, आणि हे मी तिला समोर बसवून सांगितलं आहे. थर्मोस्टॅट आता मी हलवत नाही. तुझा वाटा तू सांग. तू बघितलंस आणि नाही म्हणालास, हे तिला तुझ्या तोंडून कळू दे. सुलेखाच्या नको, माझ्याही नको. मी सांगितलं तर ते भांडण होईल.

मी तुला आजवर काही मागितलेलं नाही, असं मी म्हणणार नाही. बरंच मागितलं, आणि त्यातलं तू काय दिलंस ते दोघांनाही ठाऊक आहे. हे दे.

सुमेधा

ता. क. सुलेखाला सांग, कडेची काळी खपली ओढून काढायची नाही. आपोआप सुटेल. तिनं विचारलं होतं.


नेपरव्हिल
१७ मे १९८७

राजीव,

पद्मिनीनं मला मार्चअखेरीस सांगितलं, “डॅड सेड ही सॉ इट. ही सेड ही डिडन्ट वाँट टु डील विथ इट.” एवढंच. गाडीत, सिग्नलला. मग सिग्नल सुटला आणि तिनं रेडिओ लावला. त्या आठवड्यात ती दोन वेळा पोटभर जेवली. तू सांगितलंस, याची नोंद घेतली आहे. उशिरा सांगितलंस, याचीही.

काल पिकलला बघितलं. मेलेली कातडी त्यानं कात टाकताना तुकड्यातुकड्यांनी टाकली, खालून करडी, गुळगुळीत कातडी आली आहे. पाठीवरचे तीन काटे गेले ते गेलेच. तो भाग यापुढे रंग बदलणार नाही, असं डॉ. हॅनसन म्हणाल्या; अंग हिरवं झालं काय, काळं झालं काय, तेवढा ठिपका करडाच राहील. पण खातो. माझ्यादेखत त्यानं जीभ फेकून हातभर लांबचा रातकिडा उचलला आणि पद्मिनी ओरडली, “डिड यू सी दॅट!” ती आम्हा दोघींपैकी कुणाला म्हणाली ते कळलं नाही. सुलेखा आणि मी दोघीही “हो” म्हणालो.

तुझ्या बायकोबद्दल मला तुझ्याशी बोलायचं नाही. एवढंच म्हणते की तिनं महिना-दीड महिना रोज दोनदा ते मलम लावलं, आणि तू या काळात किती वेळा लावलंस ते मी विचारलं तेव्हा तिनं विषय बदलला. तुला सांभाळून घेणारी माणसं तुला मिळत जातात. हे तुझं नशीब आहे. त्याला तू स्वभाव समजू नकोस.

पुढचं. काल परत येताना पद्मिनीनं विचारलं, सुट्टीभर तुझ्याकडे राहू का. पिकलला आता पुन्हा हलवायचं नाही, उन्हाळ्यात सकाळी त्याला तुमच्या गॅलरीत खऱ्या उन्हात ठेवता येईल, तिनं जागा शोधून ठेवली आहे. तिथे सावलीही आहे, म्हणजे त्याला उकडलं तर बाजूला सरकता येईल. तिनं हात धरून बघितलंय. शनिवार-रविवार माझ्याकडे येईल म्हणाली. म्हणजे आपली सध्याची वाटणी उलटी करून.

“इज दॅट ओके, आई?” म्हणाली. आणि मग मराठीत, मोडकंतोडकं, पण मुद्दाम: “तुला वाईट वाटणार का?”

मी म्हटलं, “नाही. जा.”

लगेच म्हटलं. मनाचा मोठेपणा म्हणून नव्हे, हे तुला कळावं म्हणून लिहिते. तू ते तसं समजून आणखी एक कार्ड पाठवशील. एक श्वास जरी मधे घेतला असता तर मी नाही म्हणाले असते.

सुट्टी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागते. शुक्रवारी मी तिला आणून सोडते. तिची गादी खिडकीशी लाव. तिला अंधारात झोप येत नाही.

सुमेधा